दाराकडे बघणारे नाबरकाका

नाबरकाका कुणाच्याही घरी गेले की चहाआधी तांदळाचा डबा मागायचे. बाही वर सरकवून कोपरापर्यंत हात आत खुपसायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "गार आहे. छान." मग हात बाहेर काढता काढता दाराकडे बघायचे. दारात कुणी नसायचं.

"अंकल, दॅट्स अवर डिनर लाह!" माझी मुलगी इथल्या पोरांच्या इंग्रजीत ओरडायची.

"असू दे गो बाय, हात धुतलाय." हसायचे, पण नजर दारावरच.

इथं परदेशात, क्वीन्सटाउनला, जहाजावरचा माल तपासून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत आम्ही एकत्र होतो. ते सर्व्हेअर, मी त्यांच्या फेऱ्या आखणारी. तिकीट, व्हिसा, लसी, टॉर्चच्या बॅटऱ्या. यादीतल्या सगळ्यावर खूण झाल्याशिवाय मी कुणाला विमानतळाकडे सोडत नसे. म्हणून त्यांच्या लेखी मी 'यादीबाई'. "यादीबाई, माणसाला भूक लागते हे तुझ्या यादीत कुठं आहे?" असं म्हणत ते माझ्या डब्यातली पोळी पळवायचे. मूळचे वेंगुर्ल्याचे, उमेदीची वर्षं बोटीवर गेलेली. धान्याबद्दल घरातल्या आजारी माणसाबद्दल बोलावं तसं बोलायचे. "धान्याला ताप येतो गो. पण त्याला कपाळ नसतं. हात आतच घालावा लागतो." थर्मामीटरची लांब सळई पेटीत असे, पण ती नंतर.

तेव्हा हे सगळं कामापुरतं होतं. घरोघरचे डबे सुरू झाले ते बेइराहून परतल्यावर.

त्या सुमारास आफ्रिकेच्या दक्षिणेला पावसानं दगा दिला होता. मालावीत मका उभ्या उभ्या करपला आणि बाहेरून आणायची वेळ आली. मालावीला समुद्र नाही; जहाज शेजारच्या मोझांबिकमधल्या बेइरा बंदरात लागायचं आणि मका ट्रकनं पुढं जायचा. तिथून काकांचा फोन आला. "यादीबाई, एका होल्डला ताप आहे." जहाजाच्या पोटातल्या एका कप्प्यात झाकणातून पाणी शिरून मका बुरसला होता. खरेदीदाराचा माणूस म्हणे, चांगल्यात मिसळून टाकू, लोक उपाशी आहेत. काकांनी सही केली नाही. पुढं प्रयोगशाळेनंही बुरशीचं विष असल्याचं कळवलं. साहेबांची शाबासकीची मेल मी छापून काकांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी तिच्यावर चहाचा कप ठेवला.

खरी गोष्ट कळली ती त्यांच्या पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये, रविवारी जेवताना. काकूंनी भात वाढला आणि काकांचा हात थांबला.

"फेकायचा मका ट्रकात भरत होते. सांडेल तो झाडून न्यायला गेटबाहेर बाया उभ्या. एकीनं कापडात चांगलं गाठोडं बांधलं. मी धावलो. तिच्या हातातून ओढून घेतलं आणि चिखलात उपडं केलं. बंदरातल्या कारकुनाला म्हटलं, सांग तिला, हे विष आहे, पोरं मरतील. तिनं नीट ऐकलं. भांडली नाही, रडली नाही. रिकामं कापड माझ्यापुढं धरलं आणि म्हणाली, 'बरं. मग चांगला दे.'"

"मग हो?" काकूंनी विचारलं.

"चांगला होता की! ट्रकच्या ट्रक. पण सील लावलेले, मालावीचे. त्यातली मूठभर काढायचाही मला अधिकार नव्हता. मी पाठ फिरवली. ती तशीच उभी, कापड धरून."

"काका, तिची मुलं वाचवलीत तुम्ही," मी म्हणाले.

"अर्धंच काम केलं गो. घेतलं. दिलं नाही."

फेकलेल्या मक्याच्या बदली आलेल्या जहाजातला माल ट्रकनं पुढं गेल्याचं कळलं तेव्हा मी मुद्दाम त्यांच्या टेबलाशी जाऊन सांगितलं, मका मालावीला पोचला. त्यांनी मान हलवली. "आणि गेटवर?" गेट माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं.

काका हृदयविकारानं गेले. तेराव्याला मी नेहमीप्रमाणे कामं वाटून घेतली: पानं, पाणी, खुर्च्या. काकू म्हणाल्या, "तांदूळ काढतेस का? माणसं येतील आता."

मी झाकण उघडलं. बांगड्या वर सारल्या आणि कोपरापर्यंत हात आत घातला. गार होता. हात बाहेर काढताना माझी मान आपोआप वळली. दाराच्या लोखंडी जाळीपलीकडे कॉरिडॉर रिकामा होता.

"ती आली का गं?" काकूंनी मागून विचारलं.

"नाही, काकू."

मी पाहुणे मोजून तांदूळ घेतला. मग वाटीभर आणखी घातला.