अर्ध्या खांबाचं माप

पंढरीनाथ मिस्त्रीचा हात फिरला की प्लास्टर कसं लोण्यासारखं बसायचं. पण आजवर तो राबला दुसऱ्यांच्या हाताखाली. भिवंडीतल्या कितीतरी बंगल्यांवर नक्षी याची आणि नाव ठेकेदाराचं! त्यामुळे वडप्याच्या केसरीनाथशेठनं नव्या बंगल्याचे पोर्चचे खांब थेट त्याच्यावर सोपवले, तेव्हा गडी हवेतच गेला. हे जमलं तर स्वतःच्या नावानं कामं मिळणार होती. नाहीतर पुन्हा ठेकेदाराच्या दारात उभं राहायचं.

शेठला हवे होते रोमन खांब. पंढरीनाथची लेक धम्मदिना आर्किटेक्टचं शिकत होती. तिच्या टेबलावर एक चित्र चिकटवलेलं होतं. अडीचशे वर्षांपूर्वी कुणा चित्रकारानं रोममध्ये बसून काढलेलं, पडक्या देवळाचं. खांबांवर गवत, खाली चरणाऱ्या बकऱ्या. पोरगी परीक्षेत गुंतलेली, म्हणून यानं गुपचूप फुटपट्टी लावली. जाडीच्या चौपट उंची! पोर्च सोळा फूट उंच, म्हणजे खांब चार फूट जाड. हिशेब चोख होता. गवत तेवढं गाळलं.

वास्तुशांतीला चार दिवस उरले असताना परांची उतरली आणि शेठचा पारा चढला.

"हे खांब हायेत का पाण्याच्या टाक्या? माझी गाडी आत जायाची न्हाय! उद्या फोडून टाक, न्हायतर दुसरा मिस्त्री आणतो."

बापाचा फोन येताच धम्मदिना धावत आली. खांब बघितले आणि तिला हसूच आवरेना. "पप्पा, ते देऊळ तेव्हा अर्धं मातीत गाडलेलं होतं! चित्रकारानं दिसला तेवढाच खांब काढला."

"आयुष्यभर पाये भरले गं मी," पंढरीनाथ कळवळला, "आणि जमिनीखाली काय असेल हे मलाच सुचू नये?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घण घेऊन पोचला. बघतो तर काय, शेठच्या पत्नी कमळाकाकी तीन शेजारणींसोबत खांबाला टेकून वाल सोलत बसलेल्या. चित्रात खांबाचा तळ दिसत नव्हता, म्हणून पंढरीनाथनं खाली गुडघाभर उंचीचा गोल ओटा आपल्याच मनानं बांधला होता.

"घण ठेवा खाली, मिस्त्री," काकी म्हणाल्या. "एवढा बंगला बांधला, पण चार बायांना टेकायला जागा न्हवती."

"आणि गाडी?" शेठ दारातून ओरडले.

"ठेवा बाहेर. तिला काय वाल सोलायचेत?"

भल्याभल्या गोदामवाल्यांना गप्प करणारे शेठ, पण इथे त्यांची डाळ शिजेना. पुटपुटत आत गेले.

"ओटा काय ऐसपैस झालाय गं! कुणी बांधला?" एका शेजारणीनं विचारलं.

"हे काय, यांनी. पंढरीनाथ मिस्त्रींनी."

पंढरीनाथनं मान खाली घातली आणि घण उचलून निघाला.

"आता चाललात कुठं?" काकी जरा सरकल्या. "बसा ना."

उभ्या जन्मात किती घरं सजवली त्यानं! काम संपल्यावर तिथं 'बसा' असं कुणी म्हटलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. पॅन्टला हात पुसून तो काकींशेजारी बसला आणि मूठभर वाल पुढ्यात ओढले.