तोंडाची वेठ

“किडलेला दात कुणीही काढील. घट्ट दात काढायला शिका.”

मोठा डागदर असं म्हणाला तवा त्याचं बोट माझ्या तोंडात होतं. बोटाला विडीचा वास. भोरातल्या शाळंची ओसरी, लाकडाची खुर्ची, तिच्यात मी मान मागं टाकून बसलेली, आन भवतीनं पांढऱ्या डगल्यांतली मुंबईची पोरं. दातांच्या कालेजातली. एकानं माझा ओठ खाली ओढलेला, दुसऱ्यानं जीभ दाबलेली. परक्या बाईचं थोबाड धरलंय, याची एकालाबी लाज न्हाई. पदर घसरला तो सावरायला हात वर केला, तर तोबी कुणीतरी खाली दाबला. बाजारात बैलाचं दात बगत्यात, पर तिथं माणूस बैल चावंल म्हणून जपून तरी असतो.

आन माझा एकबी दात दुखत न्हवता.

मग गेले कशाला? संस्थानी राज होतं तवाची गोष्ट ही. हिर्डोशीत आन वरच्या वाड्यांत पाटलानं दवंडी दिली. कुणी साहेब शिकारीला आला की वझं न्यायला घरटी एक माणूस द्यायचं, अशी आमच्याकडं वेठ होती. ही तशीच. शिकाऊ डागदर येणार, घरटी एक त्वांड भोराला धाडा. धरमाचं काम हाय म्हणं. धरमाचं असो न्हाईतर करमाचं, पाटलाला वेठीबिगर दुसरी रीत ठावच न्हवती.

आमी धनगर. घरात दाढ ठणकत होती ती माझ्या सासऱ्याची, मामंजींची. दीसदीस गाल धरून बसायचे. पर पकडीचं नाव काढलं की घाम फुटायचा. म्हणाले, सुनंला धाडा. घरात सगळ्यात फुकट काय? सून. माझा धनी गप. गप बसण्यात तो लई हुशार.

माझ्यासंगं शेजारची ठकूआत्या होती. तिचा गाल खरंच टम्म सुजलेला, थुकी गिळवंना. पोरांनी तिला आधी बसवली, आत बगितलं आन उठवली. दाढ पार कुजून भुगा झालेली, पक्कड धरंना. असल्या दाढंत शिकण्यासारखं काय न्हाई, उगा वेळ जातो, असं त्यांचं म्हणणं. बस तिकडं, शेवटी बगू, म्हणाले. म्हातारी भितीला टेकून कण्हत बसली. माझं त्वांड बगून मातुर सगळे खुश. डागदर इंग्रजीत कायबाय बोलला, पोरं हसली.

सुई टोचली. गाल बधिर व्हायच्या आधीच एका चष्मेवाल्यानं पक्कड घातली. दाढ हलंना, तसा त्यानं गुडघा खुर्चीवर रोवला आन ओढ ओढ ओढली. कडाडकन आवाज झाला, तो माझ्या डोक्यात झाला. रगत गळ्यावरनं चोळीत उतरलं. मुळासकट दाढ त्यानं वर धरली, तशा पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! लेकाचं पास झालं जणू. माझ्याकडं कुणी बगितलंसुदिक न्हाई.

डागदर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “इथंच हात बसवून घ्या. मुंबईत पैसे देणारी तोंडं असतात.”

हे मराठीत म्हणाला. माझ्या म्होरं. मेंढरापुढं बोलायला कसायाला कसली चोरी?

तवर मला वाटत होतं, आपुन अडाणी, शिकलेली माणसं करत्यात ते बऱ्याचंच असंल. त्या बोलण्यानं डोळं उघडलं. ही मंडळी कुणाला बरं करायला आलीच न्हवती. बिघडलं तरी इचारणारं कुणी न्हाई, असं त्वांड त्यांना पायजे होतं. ते हितं डोंगरात मिळतं, हे त्यांना बराबर ठाव होतं. थू त्यांच्या शिकण्यावर.

दुसरं पोरगं पक्कड घिऊन फुडं आलं. आता पलीकडची, म्हणं. म्या दात आवळलं. डागदरानं माझं नाक चिमटीत धरलं, लेकराला औषध पाजताना धरत्यात तसं. म्या त्याच्या पांढऱ्या डगल्यावर रगताची चूळ टाकली आन उठून हुबी ऱ्हायले.

“ठकूआत्याची काढा,” म्या म्हणलं. “दुखती ती काढा. न्हाईतर तुमची डबडी उचला.”

“अडाणी आहे, जाऊ द्या,” डागदर म्हणाला, आन फुडच्या बाईला हाक मारली. ती गेली बी. पाटलाची भीती. ठकूआत्या सुजला गाल घिऊन आली, तसाच घिऊन परत गेली.

फुडल्या साली पाटील सोता आमच्या दारात. परत तेच, घरटी एक त्वांड. न्हाई दिलं तर गायरानात मेंढरं चरू द्यायचा न्हाई, म्हणाला. मामंजींनी माझ्याकडं बोट केलं.

आमच्यात सून सासऱ्यापुढं बोलत न्हाई. लगीन झाल्यापास्नं म्याबी कधी सबुद काढला न्हवता. त्या दिशी काढला.

“पाटील, ज्याला हात बसवायचा त्यानं आपल्या आयच्या तोंडात बसवावा.”

पाटलानं चराई बंद केली. मेंढरं घिऊन आमाला वेल्ह्याकडं जावं लागलं. नवं रान, नवी माणसं, लई कोकरं दगावली. मामंजींनी त्याबद्दल मला मरंपतुर शिव्या घातल्या. धन्यानं हातबी उचलला, तवा तो गप न्हवता. कोकरांचं मला वाईट वाटतं. बाकी कशाचं न्हाई.

पर त्यानंतर आमच्या घरनं एक माणूस वेठीला गेलं न्हाई. वझ्यालाबी न्हाई आन शिकाऊ पोरांच्या खुर्चीतबी न्हाई. मी हाय तवर जाणार न्हाई. माझ्या सुनंला सांगून ठिवलंय, मी असू नसू, असला कुणी दारात आला तर त्याला बसायला घोंगडं टाकू नगंस. हुब्या हुब्याच वाटंला लाव.