शेजारच्या चेरीवर करवत

मंडळी, आज सकाळी शेजारच्या समीरने त्याचं चेरीचं झाड कापून टाकलं.

ते झाड मीच त्याला गृहप्रवेशाला दिलं होतं, माझ्या अंगणातल्या चेरीला जोडी म्हणून. गोड चेरी एकटी फळत नाही, जवळ दुसऱ्या जातीचं झाड लागतं, हे लावतानाच सांगितलं होतं. इथे अमेरिकेत, बेलव्ह्यूतल्या आमच्या दोन्ही घरांना दर उन्हाळ्यात चेऱ्या पुरून उरायच्या.

करवतीचा आवाज ऐकून कुंपणापाशी गेलो.

"काका, पक्षी नव्या गाडीवर घाण करतात हो," समीर म्हणाला. "आणि तुमचं झाड आहेच की. आम्ही तुमच्याकडूनच नेऊ."

मी "बरं" म्हणून वळलो. पण माझे कान तिखट. मागून त्याच्या बायकोने विचारलं, "काका चिडले का रे?"

"चिडतील आणि विसरतील. रिटायर्ड माणूस, दुसरं काम काय आहे यार?"

मी शून्यातून धंदा उभा केला, भागीदार ओळखता येतो असं वाटायचं.

वसंतात माझं झाड पांढरंशुभ्र फुलेल, पण फळ धरणार नाही. आसपास आता दुसरी चेरीच नाही.

तुम्हीच सांगा, हे समीरला आजच पुन्हा सांगू, की जुलैत तो टोपली घेऊन दारात येईल तेव्हा?