शिवगंगा आत्या आन् बांधावरची चिंच

आमची शिवगंगा आत्या दिवाळीच्या आधी गेली. तिच्यावानी बाई माकणीच्या शिवारात पुन्ना व्हनं न्हाय. घरचं मानूस म्हनून न्हाय, सारं गाव म्हनतंय.

तिला सवाल लई पडायचे. पाल भित्तीवरनं पडत कशी न्हाय? निजामाच्या राज्यात आपल्या गावाला टपाल यायचं का? घर सुनंच्या नावावर आसलं तर तिला सासूला भायेर काढता येतंय का? लाईनमन येऊ द्या, गुरांचा डाक्टर येऊ द्या, उत्तर दिल्याबिगर चहा न्हाय. डाक्टर म्हनायचे, "मावशी, आमची परीक्षा ह्यापरीस सोपी व्हती." आत्या म्हनायची, "तवाच पास झालाव!" आता डाक्टर येत्यात, गपचिप चहा पेत्यात आन् जात्यात. घर मुकं झालंय.

तिच्या रानाच्या बांधावर एक चिंच हाय. नवी नवरी म्हनून आली तवा सासरी तोंड उघडायची चोरी. त्या चिंचंखाली बसून ती बगळ्यांशी बोलायची. म्हनून शेजारचा उत्तरेश्वर चिंच तोडायची म्हनला तवा ती हातातलं काम टाकून बांधावर आली.

"काकू, सावलीत माझं सोयाबीन वाढंना. तोडतो मी."

"झाड आमचं, तू कसा तोडतो बघू!" आत्याचा लेक विरेश अंगावर धावला.

खरंच की. बांधाचा दगड चिंचेच्या पल्याड, उत्तरेश्वरच्या अंगाला व्हता. म्हंजी झाड आत्याचंच. एवढ्यावर गप बसली आस्ती तर मिटलं व्हतं. पन गप बसंल ती आत्या कसली!

"विरेश, ह्यो दगड हितं रोवला कुनी रं?"

"अव्वा, नसत्या चौकश्या करू नगं. आपल्या फायद्याचा हाय न्हवं?"

"फायदा न्हाय इचारला. कुनी रोवला ते इचारलं."

तडक गेली उत्तरेश्वरच्या आईकडं. धुरपदाबाई म्हातारी खाटंवर बसली व्हती.

"तुझ्याच सासऱ्यानं रोवला," म्हातारी म्हनली. "वढ्याला पूर आला, जुना दगड वाहून गेला. पानी वसरल्यावर तुझ्या सासऱ्यानं नवा दगड चिंचेच्या पल्याड ठोकला. आमचं मालक भांडकुदळ न्हवतं, गप बसलं."

"मंग लेकाला का न्हाय सांगितलं, मावशी?"

"कुनी इचारलंच न्हाय गं."

आत्यानं सोता सरकारी मोजनी आनवली. म्हातारीचं खरं निघालं. चिंच उत्तरेश्वरच्या रानात.

विरेश खवळला. "आपल्या हातानं झाड घालवलंस! लोक हसाय लागलेत."

"हसू दे," आत्या म्हनली. "इचारलं म्या, तर उत्तर बी मलाच घ्यावं लागंल. आपल्या सोयीचंच घ्यायचं आसलं तर इचारायचं कशाला?"

म्हनली खरं, पन त्या दिशी ती जेवली न्हाय.

सकाळी चिंचंखाली गेली. उत्तरेश्वर कमरेवर हात ठिवून उभा व्हता.

"झाड तुझं निघालं, बाबा. दगड म्या हलवून घेते. पन मला सांग, सोताची चिंच तोडायला बी परवानगी लागती म्हनं. खरं का?"

"लागती की. काढतो."

"काढ. आन् दुसरं सांग. काल सावली आमची व्हती तवा तुझं सोयाबीन वाढत न्हवतं. आज सावली तुझी झाली. आता कसं हाय?"

उत्तरेश्वरनं वर बघितलं. कवळ्या चिंचा फांदीफांदीला लोंबत व्हत्या, बगळ्यांची पिल्लं वरडत व्हती. मंग डोकं खाजवत म्हनला, "काकू... सावली तशी पातळच हाय म्हना."

"पातळच हाय! उन्हाळ्यात बसाय बरी."

दोगं बी हसाय लागले. परवानगी काढाय कुनी गेलंच न्हाय.

तवापास्नं वरनात टाकाय चिंच पायजे आसली की आत्याला उत्तरेश्वरच्या दारात जावं लागायचं. विरेशला त्याची लई लाज. आत्या मातर ताठ मानंनं जायची आन् भर गल्लीत मोठ्यानं हाक मारायची, "उत्तरेश्वर, तुझ्या झाडाची चिंच दे रं!"