जातेचा टेक

कुवेंपुनगरातल्या आमच्या घराच्या माडीवर मी आणि माझी वहिनी गाणी करायचो. भिंतींना जुन्या रजया ठोकलेल्या, एक माइक, एक कॉम्प्युटर. शब्द आणि गळा तिचा. गिटार, रेकॉर्डिंग आणि शहाणपणा माझा. खालून कुकरची शिट्टी झाली की टेक बाद. वहिनी सातारची. आमचं म्हैसूरचं मराठी ऐकून पहिलं वर्षभर तिला हसू आवरायचं नाही.

लग्नाबारशाच्या गाण्यांचा दोघींनाही वीट आला, तेव्हा तिनंच अमेरिकन कंट्री गाण्यांचं खूळ काढलं. संथ गिटार, साधे शब्द, कुणीतरी घर सोडून निघालेलं. आईनं विचारलं, "कंट्री म्हणजे काय गं? हळ्ळी हाडू? खेड्यातली गाणी?" मी म्हटलं, तसंच काहीतरी.

वहिनीनं लिहिलं:

गॅस बंद केलाय, दूध झाकलंय,
किल्ली खिळ्याला आहे. जाते.

चाल मला लगेच सुचली. 'जाते' तेवढं खटकलं.

"आपल्यात जाते म्हणत नाहीत, वहिनी. येते म्हणतात."

"गाण्यातली बाई परत येणार नाहीये."

"म्हणून काय झालं?"

शेवटी दोन्ही टेक घेतले. जातेचा एका दमात झाला. येतेचा सात वेळा करावा लागला, सूरच लागेना. एवढ्यावरून तरी मला कळायला हवं होतं. पण मी हेडफोन लावून तिचा श्वास कुठे जास्त ऐकू येतो ते शोधत बसले होते.

दादा पिरियापट्टणला तंबाखूच्या खरेदीवर नोकरीला. शनिवारी घरी येतो आणि रविवारभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो. वाईट नाही माझा भाऊ. ओरडत नाही, हात उगारत नाही, बोलतही नाही. वहिनी काही सांगायला गेली की नुसतं "हं". पालथ्या घड्यावर पाणी.

"हे गाणं त्यांना ऐकव," वहिनी म्हणाली. असा हट्ट तिनं पूर्वी कधी केला नव्हता.

रविवारी सकाळी हॉलमध्ये स्पीकर लावला. आई समोरच देवाची फुलं निवडत बसली होती. तिच्या कानावर भरल्या घरात 'जाते' नको, म्हणून मी कुणाला न विचारता येतेचा टेक लावला. वहिनी दादाच्या तोंडाकडे बघत होती. 'येते' ऐकलं आणि तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मला त्या नजरेची अजून भीती वाटते.

"छान आहे," दादा म्हणाला. "गिटार थोडी कमी कर."

जिन्यात तिनं विचारलं, "दुसरा का नाही लावलास?"

"आई होती ना. सुम्ने, उगाच कशाला तिच्या जिवाला घोर?"

"बरं केलंस," ती म्हणाली आणि कपबशा उचलायला गेली.

तीन आठवड्यांनी ती चार दिवस माहेरी म्हणून निघाली. आईच्या पाया पडून "येते" म्हणाली. दादालाही "येते" म्हणाली. तो "हं" म्हणाला. तिची बॅग मी रिक्षापर्यंत नेली. बसताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "जाते गं."

रिक्षा वळेपर्यंत मी फाटकाला धरून उभी होते. मला स्वतःची चीड आली. "कुठे जातेस?" एवढंच दादानं विचारावं म्हणून तिनं ते गाणं लिहिलं होतं. आणि नेमका तोच शब्द मी काढून टाकला होता.

चार महिने झाले. ती फोनवर माझी खुशाली विचारते, दादाची नाही. आईनं विषय काढला की दादा म्हणतो, "येते म्हणालीय ना, येईल की." अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे शहाणपणा माझा आणि बैल दादाचा. तिचं खरं मी सांगून टाकायचं की तिच्या तोंडून त्याला ऐकू द्यायचं, हे ठरवण्यात मी इतके दिवस घालवले. भित्री आहे मी.

गेल्या रविवारी त्याला माडीवर नेलं, हेडफोन त्याच्या कानांवर चढवले आणि जातेचा टेक लावला.

गाणं संपलं तरी त्यानं हेडफोन काढले नाहीत. गिटारबद्दल काही बोलला नाही.