माझ्या भावाच्या वतीनं

मला राग पटकन येतो आणि लवकर जात नाही. आमच्या मंडळीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. चर्चच्या जेवणावळीत मीठ-मिरचीवरून माझ्याशी कुणी हुज्जत घालत नाही. ही गोष्ट सांगतानाही राग येतोच, पण तो आधी माझा मलाच येतो.

आई गेली तेव्हा मी सतरा वर्षांची होते, भाऊ नऊ. त्याला मीच वाढवला, त्यात माझं लग्न राहून गेलं. पप्पा शाळेत शिपाई. घंटा द्यायची, खडू पोचवायचे, हेडमास्तरांचा चहा आणायचा. देवभिरू माणूस, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

भाऊ आयटीआयमधून टर्नर झाला आणि उद्यमनगरातल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये लागला. नव्वदीतली गोष्ट ही. लेथवर जागा होईपर्यंत म्हणून मालकानं त्याला प्रेसवर बसवलं. प्रेस म्हणजे वरून दणकन खाली येऊन पत्रा कापणारं यंत्र. हात आत जाऊ नये म्हणून त्याला पुढं जाळी असते. काम भरभर उरकावं म्हणून मालकानं ती काढून ठेवली होती. चौथ्या महिन्यात भावाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

मालक तिसऱ्या दिवशी मोसंबी घेऊन दवाखान्यात आला. पोलीस जबाब घ्यायला येणार होते, त्यामुळे पार गळाठला होता. भाऊ उशीला टेकून बसलेला. त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात पप्पा उठले आणि त्यांनी मालकाला मिठी मारली. म्हणाले, "साहेब, आम्ही ख्रिस्ती माणसं. माझ्या मुलाच्या वतीनं मी तुम्हाला क्षमा केली. आमची कसलीही तक्रार नाही." मालक ढसाढसा रडला. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं डोळे पुसले. मीही पुसले. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला आभाळ ठेंगणं झालं होतं. भावानं उघडलेलं तोंड मिटलं आणि भिंतीकडं मान वळवली. ते बघायला कुणाला सवड नव्हती.

आमच्यात साक्ष द्यायची रीत आहे. देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते उपासनेत उभं राहून चारचौघांत सांगायचं. पप्पांनी पुढच्याच रविवारी साक्ष दिली आणि सगळं चर्च रडलं. जन्मभर घंटा देणाऱ्या माणसाचं बोलणं पहिल्यांदाच कुणीतरी कान देऊन ऐकत होतं. मग बोलावणी यायला लागली. मिरज झालं, गडहिंग्लज झालं, कुरुंदवाडकडच्या एका लहानशा मंडळीतही झालं. नाताळात मालक केक घेऊन आला आणि पप्पांच्या शेजारी पहिल्या बाकावर बसला. भाऊ मागं, दाराजवळ.

दर रविवारी आम्ही सगळे मिळून जी प्रार्थना म्हणतो, तिच्यात 'आम्ही जशी दुसऱ्यांना क्षमा केली, तशी तू आम्हाला कर' अशी एक ओळ येते. त्या ओळीला भाऊ गप्प राहायचा. पुढची ओळ आली की परत सुरू. सगळे एका सुरात म्हणत असताना एक माणूस थांबला तर लगेच कळतं. मी त्याला कोपरानं ढोसायची.

"म्हण की! लोक बघाय लागल्यात."

"बघू देत."

दोन बायका घरी येऊन त्याच्या कठीण मनासाठी प्रार्थना करून गेल्या, आणि निघताना चहा छान झालाय म्हणाल्या. मीही त्याला उठता-बसता सुनवायची. सगळं जग माफ करतंय, तुलाच काय शिंगं फुटलीत का?

तीन-चार वर्षं अशीच गेली. मग एकदा मोठी सभा होती, मांडव घालून. पप्पांनी साक्ष संपवता संपवता भावाला वर बोलावलं. "हात दाखव बाळ." त्यानं दाखवला. लोक हळहळले. पप्पांनी माइक त्याच्यापुढं धरला. "सांग सगळ्यांना, आपण क्षमा केली की नाही?"

"मी न्हाय केली," भाऊ म्हणाला. "मला कुणी इचारलंच न्हाय."

पेटीवाल्यानं घाईघाईनं गीत धरलं आणि सगळे उभे राहून नेहमीपेक्षा मोठ्यानं गायला लागले.

घरी आल्यावर मी त्याच्यावर तुटून पडले. "चारचौघांत पप्पांचं नाक कापलंस! थोबाड उघडायला हीच जागा सापडली व्हय?" पप्पा आतल्या खोलीत दार लोटून बसले होते. भाऊ हळू आवाजात म्हणाला, "अक्का, त्या दिवशी दवाखान्यात मला एकच बोलायचं हुतं. जाळी बसवा म्हणनार हुतो. ती बसवली की माफ करणार हुतो. ती अजून न्हाय बसवली. माझ्या जागी बसवलेल्या गड्याचं बोट गेलं गेल्या साली, ठावं हाय तुला?"

मला ठाऊक नव्हतं. पप्पांनाही नसावं. पण तेव्हा मी कसली ऐकून घेतेय! "माफीला अटी घालतोस? आईनं हेच शिकवलं का तुला?" मी म्हणाले. आईला मध्ये आणायला नको होतं. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आले तर खुंटीवरचे त्याचे कपडे नव्हते.

बोलावणी बंद झाली. मालकही चर्चला यायचा थांबला. भाऊ कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन आहे, हे आम्हाला सात-आठ वर्षांनी दुसऱ्यांकडून कळलं. टर्नर झालेला पोरगा, गाड्यांचे नंबर लिहीत बसलेला, तेही डाव्या हातानं.

पप्पा तेव्हा रिटायर झाले होते. एकदा भाजी घेऊन येताना कॉलेजातल्या एका मुलानं त्यांना स्कूटरची धडक दिली. गुडघा फुटला, चष्मा फुटला. बरोबर मंडळीतले एक गृहस्थ होते. ते त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जा बाळा, घाबरू नको. आमच्या काकांनी तुला माफ केलंय." मुलगा स्कूटर घेऊन पसार.

मी घरी गुडघ्याला हळद लावत होते. पप्पा म्हणाले, "मला विचारलं का गं त्यांनी? गुडघा माझा फुटला."

मला हसूच आलं. "जाऊ दे की पप्पा, एवढं काय त्यात!" म्हणाले आणि वर बघितलं तर ते रडत होते.

"पोराचा हात गेला होता गं," ते म्हणाले. "आणि मोठेपणा मी घेतला."

पुढच्या रविवारी ते साक्षीला उभे राहिले आणि म्हणाले, गावोगाव मी सांगत फिरलो ती क्षमा माझी नव्हतीच, ती द्यायचा मला हक्क नव्हता. पाळकसाहेबांनी घड्याळ बघितलं. आमेन कुणी म्हटलं नाही. मी म्हणायला हवं होतं, पण सगळे गप्प बघून माझीही जीभ उचलली नाही. एरवी माझी जीभ कुणाला आवरत नाही.

दोन दिवसांनी आम्ही कागलला गेलो. पप्पा माझा हात धरून लंगडत चालत होते. भाऊ निळ्या कपड्यांत गेटवर बसलेला, कानांवर केस एवढ्यातच पांढरे झालेले. आम्हाला बघून उठला. पप्पांना स्वतःची खुर्ची दिली, पाणी दिलं. पप्पा बसले नाहीत.

"बाळ, मला माफ कर. ते तुझं होतं, मी परस्पर देऊन टाकलं."

तेवढ्यात ट्रक आला. भावानं गेट उघडलं, नंबर लिहिला, गेट लावलं आणि परत आला. "मालकाला मी कवाच माफ केलंय पप्पा," तो म्हणाला. "माझं मी केलं, हितंच बसून. तुमास्नी करायचं म्हटलं की जमंना झालंय. लई झटलोय मी."

पप्पांनी मान हलवली.

"जमलं की मी घरी येतो. खोटं खोटं न्हाय येनार."

"वाट बघतो," पप्पा म्हणाले.

भावाची सुट्टी गुरुवारी असते, हे त्यांनी निघताना विचारून घेतलं. मग दोन वर्षं दर गुरुवारी ते सकाळीच दाढी करायचे, धुतलेला शर्ट घालायचे आणि बाहेरच्या खोलीत बसायचे. माझ्या जिवाची नुसती काहिली व्हायची. "थांबा, मी जाऊन बकोटीला धरून आणते त्याला!" म्हणायची. ते म्हणायचे, "अजिबात नको. या वेळी त्याला कुणी घाई करायची नाही." दुपार कलली की शर्ट काढून घडी घालून ठेवायचे.

एका सकाळी पप्पा उठलेच नाहीत. भावाला निरोप मीच पाठवला.

शवपेटी कबरीत उतरवेपर्यंत तो आला नव्हता. माती द्यायची वेळ आली तेव्हा कुणीतरी माझ्या शेजारी येऊन उभं राहिलं. गेटवरचे निळे कपडे तसेच अंगावर. मी पुढं बघतच विचारलं, "जमलं?"

"न्हाय अक्का. अजून न्हाय जमलं. तरी आलोय."

मला हुंदका आवरेना. लोक एकेक करून माती टाकत होते. त्यानं वाकून मूठभर माती उचलली.

"आणि मला?" मी विचारलं. "मला केलंस का माफ?"

त्यानं माती टाकली, हात झटकला आणि पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघितलं.

"तू तर अजून मागितलीच न्हाईस," तो म्हणाला.