ऐकायला आलेली माणसं

"काका, या ना वर. लाजू नका. तुमच्या तर रक्तातच आहे ते."

डॉक्टर माईकवर बोलले. हातात हलगी होती. नवी कोरी, दुकानातली. सॅक्सोफोनवाल्यानं वाद्य बाजूला घेतलं, ड्रमवाल्यानं काड्या मांडीवर ठेवल्या. हॉलमधल्या चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या.

आणि माझे वडील उठले.

हलगीपेक्षा मला तेच जास्त लागलं, म्हणून ते आधी सांगते. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं इंजिनं उघडलेला माणूस. नडणाऱ्या साहेबाला तोंडावर सुनावणारा. पण कुणा मोठ्या माणसानं चारचौघांत हाक मारली आणि त्याचे गुडघे आपोआप सरळ झाले. हात जोडलेले. मान खाली. तोंडावर कसंनुसं हसू. अण्णांचं ते हसू मी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं, आणि ते माझ्यामुळं पाहिलं.

माझ्यामुळं कसं, ते सांगते.

मी उमरग्यात एका लॅबमध्ये काम करते. रोज लोकांचं रक्त काढते, तपासते. रक्तात काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. साखर असते, हिमोग्लोबिन असतं, कधी कावीळ असते. हलगी मला अजून कुणाच्या रक्तात सापडलेली नाही.

लॅबचा कोर्स मी हैदराबादला केला. होस्टेलमागच्या गल्लीत एक चर्च होतं. त्याच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी चार-पाच जण जॅझची प्रॅक्टिस करायचे. तेव्हा मला जॅझ हा शब्दही माहीत नव्हता. बाहेर भिंतीला टेकून ऐकत होते. आतल्या एका म्हाताऱ्यानं हातानंच खुणावलं, खुर्ची दाखवली. नाव विचारलं नाही. गाव विचारलं नाही. आडनाव तर नाहीच. दोन वर्षं दर शनिवारी मी त्या खुर्चीवर बसले. एक जण एकटा सुटायचा, बाकीचे त्याला खालून धरून ठेवायचे. मग दुसरा. कुणी कुणाला दाबत नव्हतं. मला ते फार आवडलं. इतकं आवडलं की मी सावधपणा विसरले.

उमरग्यात आल्यावर हे संपलं असंच वाटलं होतं. मग कळलं की हायवेवरच्या एका मोठ्या दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, जॅझ होतं. डॉक्टर परदेशात शिकलेले, त्यांना नाद. सॅक्सोफोन हैदराबादहून येतो, कीबोर्ड सोलापूरचा, ड्रम गुलबर्ग्याचा. ऐकायला डॉक्टर, वकील, प्राध्यापक, लातूरचे दोन बिल्डर. मी तिकीट काढून जायला लागले. मागच्या रांगेत, कूलरजवळ. माझं काही म्हणणं नव्हतं. आवाज सगळीकडं सारखाच येत होता.

चौथ्या की पाचव्या खेपेला चहाच्या वेळी डॉक्टर स्वतः माझ्याजवळ आले. म्हणाले, तुमचा पाय अगदी बरोबर पडत होता, इतक्या अवघड लयीला आमच्यातल्या कुणाचा पडत नाही, हे कुठून आलं?

कौतुक झालं की माणूस सैल सुटतो. मी सुटले. म्हणाले, "आमचे आजोबा गावात हलगी वाजवायचे."

 डॉक्टर म्हणाले, "अरे वा." ते 'अरे वा' जरा जास्तच लांब होतं. त्यांनी बायकोला हाक मारून सांगितलं, तिनं शेजारणीला सांगितलं. दोघी माझ्याकडं वळून हसल्या. मघापर्यंत मी लॅबवाल्या मॅडम होते. चहा संपेपर्यंत मी दुसरीच कुणी झाले होते.

पुढच्या महिन्यात माझी खुर्ची पहिल्या रांगेत.

फुकटचा मान मिळाला की मी आधी तो उलटा करून बघते. बाजारात वांगं बघतात तसा. पहिल्या रांगेत कशाला? माझ्यात महिन्याभरात काय वाढलं? मग डॉक्टर म्हणायला लागले, वडिलांना आणा एकदा. एकदा म्हणाले, दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा फोन केला. म्हणाले, तिकीट काढू नका, ते आपले पाहुणे. कुठंतरी पाणी मुरतंय हे मला कळत होतं. पण मलाही लोभ सुटला होता. अण्णांनी आयुष्यभर इंजिनं ऐकली होती. गाडी डेपोच्या फाटकातून आत येतानाच ते सांगायचे, कुठला नोझल गेलाय. असल्या कानांनी हे एकदा ऐकावं असं मला फार वाटत होतं. म्हणून संशय गिळला. तिकिटं मात्र काढली, दोन. फुकट बसलेल्या माणसाला उठवणं सोपं जातं.

रविवारी अण्णांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. पहिली पंधरा मिनिटं ते खुर्चीच्या कडेवर बसून होते. मग हळूच मागं टेकले. ड्रमवाला मधेच ठोका चुकवल्यासारखा करायचा आणि पुढं जाऊन बरोबर पकडायचा. इंजिनाचा ठोका असा गळला की वर्कशॉपात त्याला मिस मारणं म्हणतात. अण्णा माझ्या कानाशी आले.

"ह्यो मिस मारतुय. पर मुद्दाम मारतुय."

मी हैदराबादला दोन वर्षं बसून जे शिकले ते अण्णांनी पंधरा मिनिटांत ओळखलं. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. तेवढा एक तास आमचा होता.

मग मध्यंतर झालं, आणि त्यानंतर डॉक्टर हलगी घेऊन आले. आधी सांगितली ती.

अण्णा उठले होते. मी त्यांच्या शर्टाची बाही धरली आणि स्वतः उभी राहिले. 

म्हणाले, "डॉक्टर, आमची दोन तिकिटं आहेत. आमी ऐकायला आलोय."

डॉक्टर हसले. "अहो मॅडम, गैरसमज करून घेऊ नका. हा सन्मान आहे. ही तुमची कला आहे."

"माझ्या वडलांनी तुम्हाला सांगितलं व्हय, त्यांना हलगी येते म्हणून?"

"आजोबा वाजवायचे ना?"

"तुमचे आजोबा काय करायचे? इथं बसलेल्यांपैकी कुणी आजवर तुम्हाला विचारलंय?"

 पहिल्याच रांगेत डॉक्टरांचे वडील बसले होते, निवृत्त हेडमास्तर. ते आपल्या चपलांकडं बघत होते. डॉक्टरांनी माईक या हातातून त्या हातात घेतला आणि म्हणाले, "बरं, काकांचा आज मूड दिसत नाही." लोक हसले. सुटल्यासारखे हसले. हलगी त्यांनी स्टेजवरच्या रिकाम्या खुर्चीत ठेवली आणि हैदराबादच्या माणसाला खूण केली. त्याला मराठी येत नव्हतं. त्यानं सॅक्सोफोन तोंडाला लावला.

सगळ्यांना वाटलं, आता ही बाई उठून जाणार. शेजारची म्हणालीसुद्धा, कशाला एवढं मनाला लावून घेता, त्यांच्या मनात तसं नव्हतं. मनात काय होतं ते त्यांच्या तोंडून मी माईकवर ऐकलं होतं. मी बसून राहिले. शेवटपर्यंत. अण्णांना बसवलं. पुढचा तासभर ती हलगी समोर खुर्चीत पडून होती. एवढी सन्मानाची वस्तू, पण चाळीस जणांतल्या एकालाही तिला हात लावावासा वाटला नाही.

अण्णांचं ऐकणं मात्र तिथंच संपलं. ते ड्रमकडं बघत नव्हते. हलगीकडं बघत होते.

बाहेर आल्यावर हायवेच्या कडेला चहा घेतला. ट्रक जात होते.  अण्णा बोलायला लागले. आजोबांनी बुद्धाची दीक्षा घेतली आणि गावकीचं वाजवायचं काम सोडलं, एवढं मला ठाऊक होतं. गावानं मग त्यांना कामावर बोलावणं बंद केलं, पिठाची गिरणी बंद केली, हेही ऐकून होते. पुढचं अण्णांनी कधी सांगितलं नव्हतं.

"तुज्या आज्यानं हलगी फोडली तवा म्या सा-सात वर्साचा आसंल. चामडं चुलीत घातलं. लोखंडी कडं मला दिलं. म्हनला, घे, गाडा कर, पळीव. काडीनं हाणत म्या त्ये गावभर पळवलं. हलगी म्या कंदी वाजवलीच न्हाय."

कपातला चहा निवला होता.

"तू सांगितलंस व्हय त्यास्नी, आज्याचं?"

"व्हय."

त्यांनी रागानं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाले, "इंजिनाचं सांगायचं व्हतंस."

 डॉक्टरांनी विचारलं होतं, ही लय कुठून आली. पस्तीस वर्षं माझ्यासमोर ग्रीसनं काळे झालेले हात घेऊन बसलेला माणूस मला आठवला नाही. आजोबांनी स्वतः चुलीत घातलेलं ते मी चहाच्या कपासाठी बाहेर काढून दिलं. डॉक्टरांनी आम्हाला गावकीत परत बसवलं, पण वाट मी दाखवली होती. ही लाज माझी आहे. ती मी कुणाच्या गळ्यात घालणार नाही.

"तू जात जा," अण्णा म्हणाले. "म्या न्हाय येनार आता."

पुढच्या महिन्यात मला मेसेज आला नाही. ऐकणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढलं नव्हतं, फक्त त्या ग्रुपवर कार्यक्रमाचं सांगणं बंद झालं होतं. असं करणं त्यांना छान जमतं. दवाखान्याच्या खाली औषधाच्या दुकानात कागद चिकटवला होता, त्यावर तारीख होती. गेले. तिकीट काढलं आणि पहिल्या रांगेत बसले. कूलरजवळ नाही.

डॉक्टर आले. हसले. माणूस मुरलेला. म्हणाले, "वडील नाही आले?"

"ती हलगी तुमच्याकडंच आहे ना?"

"आहे की."

"मग शिका तुम्ही ती. चांगली दोन-तीन वर्षं घासा. हात बसला की इथं वाजवा. वडलांना ऐकायला आणते. तिकीट काढून."

ते हसायला लागले, मग थांबले. मी हसले नव्हते.

तेव्हापासून दर महिन्याला जाते. बोलवलं तरी, नाही बोलवलं तरी. चहाला थांबत नाही, आणि कुणी गोड बोललं तर आधी उलटं करून बघते. लय कुठून आली असं परवा एका नव्या माणसानं विचारलं. सांगितलं, एस.टी. डेपोतून. त्याला वाटलं, चेष्टा करतेय. वाटू दे. डॉक्टर अजून हलगी शिकलेले नाहीत. दर वेळी मी ते विचारते, सगळ्यांसमोर, आणि ते उत्तर देईपर्यंत उभी राहते.